बांध कोणाचा, बुडणार कोण?

हरियाभंगा नदीच्या मुखाशी एक बेट होतं. १९७० च्या चक्रीवादळानंतर गाळ साचून वर आलेलं. समुद्रापासून फार तर दोन मीटर उंच. त्यावर ना घर, ना विहीर, ना माणूस. भारत म्हणाला आमचं, नाव न्यू मूर. बांगलादेश म्हणाला आमचं, नाव दक्षिण तालपट्टी. १९८१ साली आपल्या सरकारनं तिथं झेंडा रोवला, जवान उतरवले. पलीकडून निषेधाचे खलिते आले. २०१० साली जादवपूर विद्यापीठातल्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांनी उपग्रहाची चित्रं पाहून सांगितलं, बेट पाण्याखाली गेलं. २०१४ च्या जुलैत हेगच्या लवादानं दोन देशांची सागरी हद्द आखून दिली, तोवर भांडणाचं मूळच समुद्रानं खाल्लं होतं.

त्याच सुंदरबनाच्या पाण्यात लोहाचारा नावाचं बेट होतं. ते बुडालं. घोडामारा नावाचं बेट आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त गेलं. या बेटांवर माणसं राहत होती. भात पिकवत होती, पोरं जन्माला घालत होती. ती माणसं बोचकी उचलून शेजारच्या सागर बेटावर गेली. त्यांच्यासाठी कोणी झेंडा रोवला नाही. कोणी खलिता पाठवला नाही.

दोस्तहो, या अंकाचं संपादकीय एवढ्यासाठीच आहे. रिकाम्या जमिनीसाठी दोन सरकारं जागी राहतात आणि भरल्या घरांसाठी झोपतात, तेव्हा त्या घरांत कोण राहतं हे विचारलं पाहिजे.

आमचे काही साथी म्हणतात, हा विषय आपला नाही. समुद्राची पातळी, हवामानबदल, हे एअरकंडिशनमध्ये बसणाऱ्यांचं दुखणं. आपल्यापुढं अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, गटारात उतरून माणसं मरतायत, शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत. त्यात हे समुद्राचं लचांड कशाला? प्रश्न रास्त आहे. तो टाळायचा नाही. त्याला उत्तर द्यायचं.

आधी हिशोब. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आयपीसीसी या समितीनं २०२१ साली मांडलेला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. वीतभर. म्हणाल, वीतभरानं काय होतं? विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ती वर्षाला १.३ मिलिमीटरनं वाढत होती. २००६ ते २०१८ मध्ये वर्षाला ३.७ मिलिमीटरनं. म्हणजे जवळजवळ तिप्पट वेगानं. धूर असाच ओकत राहिलो तर हे शतक सरेपर्यंत आणखी ६० सेंटिमीटर ते एक मीटर. धूर तातडीनं आवरला तरी ३० ते ५० सेंटिमीटरच्या आसपास वाढ ठरलेलीच. कारण दोनच. तापलेलं पाणी फुगतं, आणि डोंगरावरचा, ध्रुवावरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. चुलीवरचं पातेलं बघितलं तरी पुरे.

आणि समुद्र असा एक-एक मिलिमीटर चढून उंबरठ्यावर येत नाही. तो उधाणाच्या भरतीला येतो, वादळाच्या लाटेवर बसून येतो. वीतभर वाढलेला समुद्र वादळात पुरुषभर आत घुसतो. आत घुसला की विहीर खारी करतो, शेत खारं करतो आणि मागं हटतो. माणूस जिवंत राहतो पण जगायचं कशावर?

आता विचारा, पाण्याच्या वाटेवर कोण आहे?

या देशात वस्ती कुठं करायची हे जमिनीनं ठरवलेलं नाही, जातीनं ठरवलंय. उंच, कोरडी, वाऱ्याची जागा पाटलाची, खोताची, भटाची. सखल, ओली, सांडपाण्याची जागा आमची. गावकुसाबाहेर म्हणजे नुसतं भिंतीबाहेर नव्हे. बहुतेक ठिकाणी ते उताराच्या खालच्या अंगालाही असतं. ओढ्याचा पूर आधी महारवाड्यात, मांगवाड्यात येतो हे खेड्यातल्या कोणत्याही पोराला माहीत आहे. शहरात आलो तरी नकाशा तोच. खाडीकाठ, कांदळवनाची कड, नाल्याचं तोंड, डंपिंगचा डोंगर. मानखुर्द-गोवंडीला जाऊन बघा, कोणाची पोरं कोणत्या पाण्यात उभी आहेत.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. तामिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर हजारो माणसं मेली. मढी उचलायला कोण आलं? गावोगावच्या नगरपालिकांतून आणलेले सफाई कामगार. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं बांधून. आणि मदतीच्या छावणीत दलितांना आत घेईनात, टाकीचं पाणी घेऊ देईनात. याच्या नोंदी मानवाधिकारवाल्यांनी त्याच वेळी करून ठेवल्यात. समुद्रानं सगळ्यांना सारखं मारलं असेल, पण जगलेल्यांना जातीनं पुन्हा वेगळं केलं. म्हणून म्हणतो, हा विषय आपलाच आहे. आपण हातात घेतला नाही तर दुसरे घेतील आणि त्यांच्या नकाशात आपल्या वस्तीच्या जागी निळा रंग भरून मोकळे होतील.

आमचं पोट गोदीवर आहे. त्यामुळं समुद्राशी ओळख पुस्तकातली नाही. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायरीला कुठं लागतं हे आम्ही रोज बघतो. वाऱ्याचा बावटा चढला की काय होतं तेही बघतो. साहेब लोक गाडीत बसून घरी जातात, जहाज खोल पाण्यात जातं, आणि ठेकेदाराच्या मुकादमाच्या वहीत आमच्या नावापुढं खाडा लागतो. वादळ आलं म्हणून कामगारानं रजा घेतली असा त्याचा अर्थ! इशारा सगळ्यांसाठी असतो म्हणे. तीन नंबरचा बावटा वाचता येतो आम्हाला. पण तो पाळायचा तर त्या दिवशीची भाकर कोण देणार?

१७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईच्या समोरून गेलं. इशारा आधीच मिळालेला होता. तरी बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाच्या तराफ्यावर २६१ माणसं होती. नांगर तुटला, तराफा बुडाला, सत्तरावर माणसं मेली. फिटर, वेल्डर, स्वयंपाकी, हमाल. त्यांना वाऱ्याची खबर नव्हती असं नाही. किनाऱ्यावर आणायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांच्या हातात नव्हता. हवामान खात्याचा कागद माणसाला वाचवत नाही. त्या कागदावर काम थांबवायचा हक्क वाचवतो.

आता जरा लांब चला. खुलनाला. बांगलादेशात, सुंदरबनाच्या काठावर. म्हणाल, आपला खुलनाशी काय संबंध? सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून घटना समितीत जाता येऊ नये म्हणून काँग्रेसनं सगळी दारं लावून घेतली होती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालातले त्यांचे नामशूद्र साथी उभे राहिले. बाबासाहेब निवडून आले ते जेसोर-खुलनातून. ती जागा पुढं फाळणीत गेली आणि ते मुंबईतून पुन्हा निवडून गेले, ही पुढची गोष्ट. पण घटनेच्या दारात बाबासाहेबांचं पहिलं पाऊल पडलं ते खुलनाच्या चिखलातल्या माणसांच्या खांद्यावरून. आज ती माती खारी होतेय. हा संबंध ज्याला दिसत नाही त्यानं चौदा एप्रिलला डीजे वाजवू नये.

खुलनाच्या बाजूला १९६० च्या दशकात बाहेरच्या देशातले तज्ज्ञ आणि कर्ज आणून समुद्र आणि नद्यांच्या कडेनं मातीचे बांध घातले. शंभरावर मोठमोठी कडी. त्यांना पोल्डर म्हणतात. भरतीचं खारं पाणी बाहेर राहिलं, सुरुवातीला भात जोरात आला. पण भरतीबरोबर येणारा गाळही बाहेर राहिला. पूर्वी तो गाळ शेतावर बसून जमीन दरवर्षी थोडी उचलायचा. आता तो नदीच्या पात्रात बसला. नदी वर चढली, शेत खाली राहिलं. पावसाचं पाणी निघायला वाट नाही. बील डकातिया नावाचं अख्खं शिवार वर्षानुवर्षं पाण्यात कुजलं. १९९० साली लोकांनी सरकारला न जुमानता स्वतः बांध फोडला. १९९७ साली बील भायना इथं पुन्हा लोकांनीच बांध फोडला, भरती आत घेतली, गाळ बसू दिला. शिवार उचललं गेलं, नदी खोल झाली. मग इंजिनियर लोकांनी त्याला इंग्रजी नाव दिलं आणि योजना म्हणून छापलं. ज्ञान कुठून आलं हे ध्यानात ठेवा. चिखलात उभ्या असलेल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाकडून.

त्याच पोल्डरांत दुसरा रोग शिरला. कोळंबी. परदेशात विकायची पांढरी सोन्याची शेती. पैसेवाले बांध कापून मुद्दाम खारं पाणी आत घ्यायचे, भूमिहीनांची जमीन, गुरं, पिण्याचं पाणी सगळं नासायचे. ७ नोव्हेंबर १९९० ला खुलना जिल्ह्यात पोल्डर २२ मधल्या हरिणखोला गावात भूमिहीनांचा मोर्चा या कोळंबीवाल्यांच्या विरोधात निघाला. पुढं होती करुणामयी सरदार. तिला गोळी घालून मारलं. पण पोल्डर २२ मध्ये कोळंबीवाल्यांना पाय रोवता आला नाही. लोक तिचा दिवस दरवर्षी पाळतात. आमच्या पोरांना हे नाव माहीत नाही. माहीत व्हायला पाहिजे. महाडच्या तळ्यावर आम्ही गोड्या पाण्यावरचा हक्क मागितला १९२७ साली. खुलनात त्याच पाण्यासाठी बाई छातीवर गोळी घेते १९९० साली. आणि आयला वादळ २००९ साली, अम्फान २०२० साली येऊन गेल्यावर दोन्ही बंगालच्या बाया हंडाभर गोड्या पाण्यासाठी मैलोनमैल चालतात. चवदार तळं एकच नव्हतं दोस्तहो.

हे बांध आपल्याकडं नाहीत असं समजू नका. रायगडात, रत्नागिरीत खारबंदिस्ती आहे. खाडीच्या कडेनं बांध, मधे उघाडी. ओहोटीला उघाडी उघडायची, आतलं पाणी सोडायचं, भरतीला बंद. अलिबागकडचं अख्खं खारेपाट त्यावर उभं आहे. तिथं चरी गावच्या कुळांनी खोत-सावकाराविरुद्ध १९३३ साली शेती न करण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. नारायण नागू पाटील पुढं होते आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. बांध घालणारा कूळ, भात खाणारा खोत, ही गोष्ट तेव्हाची. आज उधाणाला बांध फुटतो, खारं पाणी शिवारात दोन-दोन वर्षं राहतं, आणि फुटका बांध दुरुस्त होण्याआधी जमिनीचा दलाल येऊन उभा राहतो. म्हणतो, आता इथं काय पिकणार, विकून टाक. समुद्र आणि दलाल हातात हात घालून चालतात. २०१९ च्या जानेवारीत केंद्रानं किनारा नियमन क्षेत्राची नवी अधिसूचना काढली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. समुद्र पुढं येतोय आणि सरकारची रेघ समुद्राकडं सरकतेय. ही रेघ कोळ्याच्या झोपडीसाठी सरकली नाही हे सांगायला ज्योतिषी नको.

मग देशादेशांनी एकत्र येऊन काही केलंच नाही का? केलं. खोटं बोलायचं नाही. जे चाललं ते आधी सांगू.

बंगालच्या उपसागरातल्या १९७० च्या वादळात तीन लाखांवर माणसं मेली. १९९१ च्या वादळात बांगलादेशात सव्वा लाखाच्या वर. ओडिशात १९९९ साली दहा हजारांच्या आसपास. आणि २०२० च्या अम्फानमध्ये, तेवढंच भयंकर वादळ असून, दोन्ही देश मिळून सव्वाशेच्या आसपास. हे देवानं केलं नाही. बांगलादेशानं १९७२-७३ पासून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. आज ते पंचाहत्तर हजारांच्या वर आहेत आणि त्यात निम्म्याच्या आसपास बाया. भोंगा, झेंडा, सायकल घेऊन ते दारोदार जातात. ओडिशानं निवाऱ्याच्या पक्क्या इमारती बांधल्या आणि २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखोंना हलवलं. दिल्लीचं हवामान खातं उत्तर हिंदी महासागरातल्या तेरा देशांना वादळाची खबर देतं. त्यात पाकिस्तान आहे, इराण आहे, येमेन आहे. वादळांची नावंसुद्धा हे तेरा देश पाळीपाळीनं देतात. ३ जून २०२० ला आमच्या रायगडावर जे निसर्ग आदळलं त्याचं नाव बांगलादेशानं दिलेलं. तौक्ते हे नाव म्यानमारचं. म्हणजे एकत्र बसता येतं! दुश्मन म्हणवणारे एका टेबलावर बसून वाऱ्याचं बारसं करू शकतात.

पण वारा येऊन गेला की टेबल मोडतं. वादळात माणूस वाचला, पुढं तो जगणार कसा, यावर एकत्र बसायला कोणी तयार नाही. १९८५ साली ढाक्यात सार्क स्थापन झाली. १९८९ साली मालदीवनं छोट्या देशांना मालेला बोलावलं, समुद्र वाढतोय म्हणून जाहीरनामा काढला. त्यांची बाराशेच्या आसपास बेटं, त्यातली बहुतेक जमीन समुद्रापासून एक मीटरही उंच नाही. २००९ साली त्यांचं मंत्रिमंडळ पाणबुड्यांचे कपडे घालून समुद्राच्या तळाशी बैठकीला बसलं. जगानं फोटो छापले. २००८ साली ढाक्यात सार्कनं हवामानाचा कृती आराखडा केला. २०१० साली थिंफूत निवेदन केलं. २०११ साली मालदीवच्या अड्डूत आपत्तीत एकमेकांना धावून जायचा करार केला. किनाऱ्यासाठी मालेत एक केंद्रही काढलं होतं, ते पुढं दुसऱ्या केंद्रांत मिसळून टाकलं. २०१४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला शेवटची शिखर परिषद झाली. २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली, त्यानंतर परिषदच नाही. समुद्र कोणाच्या परिषदेसाठी थांबत नाही.

भारत आणि बांगलादेशानं २०११ च्या सप्टेंबरात सुंदरबन जपायचा करार केला. चांगलं झालं. पण सुंदरबन जपायचं म्हणजे नुसता वाघ जपायचा नाही. तिथं गोडं पाणी आणि गाळ पोचला पाहिजे. १९७५ पासून फराक्का धरण गंगेवर उभं आहे. वाटपाचा करार १९९६ चा, तीस वर्षांचा, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरपर्यंतचा. त्यात क्युसेक मोजलेत, गाळ मोजलेला नाही. खालच्या अंगाला राहणाऱ्याचं मत मोजलेलं नाही. वरच्या अंगाचा पाणी अडवतो आणि खालच्या अंगाचा तहानलेला राहतो, हे गावच्या विहिरीवर आम्ही शेकडो वर्षं बघितलंय. राष्ट्रांच्या विहिरीलाही जात असते.

आणि पश्चिमेला? दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत-पाकिस्तान एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या, मच्छीमारांच्या याद्या अदलाबदल करतात. त्या यादीत गुजरातचे मच्छीमार असतात आणि त्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली आमच्या पालघरची आदिवासी पोरंही असतात. पाण्यावर न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून वर्षानुवर्षं कराचीच्या कोठडीत. पलीकडचे गरीब कोळी आपल्या कोठडीत. समुद्र तापला की मासळी जागा बदलते, मासळीमागं बोट जाते, बोटीमागं बेडी येते. याद्या बदलण्याला सहकार्य म्हणायचं असेल तर सहकार्य जोरात चालू आहे.

आता धोक्याची गोष्ट. समुद्रापासून माणसं वाचवायची हे बोलणं चांगलं आहे. पण याच बोलण्याच्या आडून माणसं हुसकायची असतील तर? आम्हाला मरिचझापी आठवतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात नेऊन टाकलं. त्यातले काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही आणून वसवले. खाडीच्या माणसाला दगडात टाकलं. १९७८ साली त्यातले हजारो जण सुंदरबनात परतले, मरिचझापी बेटावर स्वतःच्या हातानं बांध घातला, शाळा काढली, विहीर खणली. सरकारकडं दमडी मागितली नाही. सरकार लाल झेंड्याचं होतं. त्यानं सांगितलं, हे राखीव जंगल आहे, उठा. १९७९ च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी केली. अन्न बंद, पाणी बंद. ३१ जानेवारीला गोळीबार, मे महिन्यात झोपड्या जाळून उचलून नेलं. सरकारी कागदावर मेलेले दोन. लोक शेकड्यांनी सांगतात. वाघासाठी माणूस हलवला गेला, आणि तो माणूस कोणत्या जातीचा होता हे सांगायला नको. उद्या हेच समुद्राच्या नावानं होईल. खाडीकाठची झोपडपट्टी धोक्यात आहे म्हणून उठवतील, आणि तिथंच भराव टाकून टॉवर उभा करतील. तेव्हा समुद्र बुडवणार नाही वाटतं!

दुसरा धोका त्याहून जवळचा. खारं झालेलं शेत सोडून माणूस कुठं जातो? ढाक्याला, कोलकात्याला, केरळात, मुंबईला. नाक्यावर उभा राहतो, सेंट्रिंगवर चढतो, आमच्या बाजूला गोणी उचलतो. आणि त्याला बघून पोलीस म्हणतो बांगलादेशी. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं, आणि ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावं लागलं. बोलीवरून माणसाचा देश ठरवणारे उद्या आडनावावरून काय ठरवतील? आमच्यातली काही पोरंही त्या आरोळीत आवाज मिसळतात. त्यांना सांगायचंय, बाबा, तू ज्याला घुसखोर म्हणतोस त्याच्या आज्यानं कदाचित तुझ्या बाबासाहेबांसाठी खुलनात घोषणा दिल्या असतील. प्रादेशिक सहकार्य म्हणजे मंत्र्यांचा ग्रुप फोटो असं समजू नकोस. ते तुझ्या बाजूला गोणी उचलणाऱ्यापासून सुरू होतं.

जगात लहान माणसं मोठं काम करतायत. २०१९ साली पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं, जागतिक न्यायालयाला विचारायचं. वानुआतू नावाचा टिकलीएवढा देश त्यांच्या मागं उभा राहिला. २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयानं मत दिलं, हवामानाचं नुकसान रोखणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. आमच्याच वयाची पोरं ती. पण तिथलीही दुसरी बाजू बघा. ऑस्ट्रेलियानं २०२३ साली तुवालूशी करार केला, दरवर्षी २८० माणसांना राहायला घेऊ म्हणाला, आणि बदल्यात तुवालूनं संरक्षणाचा करार कोणाशी करायचा यात आपला शब्द घुसवला. बुडणाऱ्याला हात देताना त्याचं मनगट पिरगाळलं. सहकार्य हे असंही असतं. मोठा शेजारी म्हणून आपला देश मालदीव-बांगलादेशाशी असंच वागला तर आम्ही टाळ्या वाजवणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं मांडतो. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

एक. किनाऱ्याच्या कोणत्याही आराखड्यात सखल भागात कोण राहतं, कोणत्या जातीचं, कोणाच्या नावावर जमीन, याची मोजणी झाली पाहिजे आणि ती वस्तीतल्या माणसांसमोर वाचून दाखवली पाहिजे.

दोन. जमीन आणि घर हातात दिल्याशिवाय एकही वस्ती समुद्राच्या नावानं उठवायची नाही. बांधाचं, उघाडीचं, कांदळवनाचं काम त्याच वस्तीला रोख मजुरीवर मिळालं पाहिजे.

तीन. वादळाचा बावटा चढेल त्या दिवशी गोदी कामगार, तराफ्यावरचा कामगार, खलाशी यांना पगारी सुटी. काम नाकारणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही असा कायदा.

चार. हद्द चुकलेल्या मच्छीमाराला तुरुंग नाही. दोन्ही बाजूंनी बोट आणि माणूस परत. अरबी समुद्रातल्या सगळ्या देशांच्या बोटींना एकच इशारा, त्यांना कळेल त्या भाषेत.

पाच. गंगेच्या पाण्याचा पुढचा करार गाळासकट व्हावा, आणि त्या बोलणीत दोन्ही सुंदरबनांतल्या भूमिहीनांचे प्रतिनिधी बसावेत.

सहा. पोटासाठी आलेल्या मजुराला भाषेवरून परका ठरवणं बंद.

सरकार हे उद्या देईल असं आम्ही समजत नाही. चरीची कुळं सहा वर्षं बसली तेव्हा कायदा हलला. म्हणून सरकारची वाट न बघता आपण करायचं ते करू. पुढच्या दोन महिन्यांत खाडीकाठच्या आपल्या वस्त्यांचा नकाशा काढायचा. उधाणाचं पाणी कोणत्या गल्लीत, किती पायऱ्या चढलं, कोणत्या विहिरीचं पाणी खारट झालं, म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहायचं. खारेपाटातल्या कुळांकडं जायचं, उघाडी कशी चालते ते शिकायचं. खुलनाच्या आणि सुंदरबनाच्या साथींना आपल्या वहीची नक्कल पाठवायची, त्यांची मागवायची. बंगाली येणारा मजूर आपल्या बाजूलाच उभा आहे, भाषांतराला त्याला बोलवा. चहा पाजा. ज्यांच्याकडं वही, पेन्सिल आणि रविवारची सुटी आहे त्यांनी नावं द्या.

जय भीम.